गप्पांचा रविवार ओस का पडला?

पत्र

मी निवृत्त ग्रंथपाल आहे. वर्षभरापूर्वी आमच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये दर रविवारी ज्येष्ठ आणि कॉलेजची मुलं यांच्या गप्पांचा कार्यक्रम सुरू केला. पहिल्या रविवारी खुर्च्या कमी पडल्या. आता ज्येष्ठ पंधरा-वीस येतात आणि मुलं दोन, फार तर तीन. ज्येष्ठ बोलायला लागले की थांबत नाहीत, मुलं मान खाली घालून मोबाईल बघतात. मध्ये एका मुलीने एका आजोबांचा व्हिडिओ काढला. पत्नीच्या आठवणीने त्यांचे डोळे भरून आले होते. तिने तो सरळ सगळीकडे टाकला, तेव्हापासून आजोबा येत नाहीत. एक कॉलेज म्हणतंय, आम्ही हजेरीचे गुण देतो, मुलं पाठवतो. घेऊ का? की सरळ बंद करू? दोन पिढ्यांना एकमेकांची खरंच गरज असते, की ही माझीच हौस?

एक हौशी निवृत्त

उत्तर

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते नकारार्थी असतं तर पुढचं काही लिहायचं कारणच नव्हतं.

हौस तुमची आहे, पण गरज खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली वयावरून होणाऱ्या भेदभावावर मोठा अहवाल काढला. जगातल्या दर दोन माणसांमधल्या एकाच्या मनात म्हाताऱ्या माणसांबद्दल अढी असते, असं त्यात म्हटलंय. ती कमी करायचे तीन मार्ग अहवालाने सांगितले: कायदे आणि धोरणं, शिक्षण, आणि तिसरा, दोन पिढ्यांचा प्रत्यक्ष संपर्क. म्हणजे तुमचा रविवार थेट त्या यादीत बसतो. त्याच अहवालातली एक गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. अढी दोन्ही बाजूंनी असते. ‘आजकालच्या पोरांना काही कळत नाही’ हीसुद्धा अढीच, आणि तुमच्या हॉलमध्ये ती दर रविवारी माईकवरून ऐकू येत असणार, असा माझा दाट संशय आहे.

मुलांच्या बाजूनेही यात स्वार्थ आहे, तोही सांगते. येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका छोट्या गावातले पन्नाशी ओलांडलेले ६६० लोक त्यात होते. स्वतःच्या म्हातारपणाकडे बऱ्या नजरेने बघणारे लोक, तसं न बघणाऱ्यांपेक्षा सुमारे साडेसात वर्षं जास्त जगले. निव्वळ नजरेमुळे आयुष्य वाढलं, असं यावरून छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण म्हातारपणाबद्दलची आपली मतं साठीला सुरू होत नाहीत, ती लहानपणापासून मनात मुरत येतात. विशीतल्या मुलाने जवळून पाहिलेला म्हातारा माणूस जर फक्त तक्रार करणारा, आजारी किंवा रागावणारा असेल, तर स्वतःच्या साठीकडे तो कोणत्या नजरेने बघणार?

तर, बंद करू नका. पण आहे तसं चालवूही नका.

तुमच्या पत्रातला एक शब्द मी दोनदा वाचला: ‘गप्पांचा कार्यक्रम’. अडचण तिथेच आहे. अनोळखी माणसांना समोरासमोर बसवून ‘बोला’ म्हटलं की कोणाचीच जीभ वळत नाही. तुम्हाला-मला कोणी तसं बसवलं तर आपणही हवापाण्यावर येऊ आणि घड्याळाकडे बघू. गप्पा आपोआप होतात, हात दुसऱ्या कशात तरी गुंतलेले असले की.

भेटीगाठींनी अढी कधी जाते, या विषयाचा पाया मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली घातला. ते वंशभेदाचा विचार करत होते, वयाचा नाही, पण त्यांचं म्हणणं तुमच्या हॉललाही लागू पडतं. नुसतं एकमेकांच्या सहवासात आणल्याने अढी जात नाही, कधी कधी वाढते. ती जायची तर त्या भेटीत दोघांचा दर्जा सारखा हवा, समोर दोघांचं एकच उद्दिष्ट हवं, ते गाठायला एकमेकांची मदत लागायला हवी आणि संस्थेचा किंवा वडीलधाऱ्यांचा त्याला मनापासून पाठिंबा हवा. आता तुमचा रविवार यावर घासून बघा. पाठिंबा आहे, तुम्ही आहात. दर्जा सारखा आहे का? ज्येष्ठ खुर्चीवर बसून बोलतात, मुलं ऐकतात. ही शाळा झाली. आणि मुलं ‘एकट्या आजी-आजोबांना वेळ देतो’ या भावनेने आली असतील, तर ती दया झाली. दोन्हीत एक वर, एक खाली. उद्दिष्ट? नाही. परस्परांची गरज? तीही नाही. चारातला एकच खांब उभा आहे ताई, आणि तो तुम्ही एकटीने धरून ठेवलाय. दमायला होणारच.

मॅगी कून यांची गोष्ट तुम्हाला माहीत असेल तर पुन्हा ऐका, नसेल तर जरूर शोधून वाचा. ग्रंथपालाला हे सांगायला नको म्हणा. १९७० साली, वयाच्या ६५व्या वर्षी, अमेरिकेतल्या चर्चच्या नोकरीतून त्यांना सक्तीने निवृत्त केलं गेलं. घरी बसून विणकाम करण्याऐवजी त्यांनी तशाच निवृत्त मैत्रिणी जमवल्या आणि संघटना उभी केली. पुढे तिला ‘ग्रे पँथर्स’ म्हणू लागले. सक्तीची निवृत्ती हा त्यांचा विषय होताच, पण त्याबरोबर व्हिएतनाम युद्धाला विरोध हाही होता, आणि त्या युद्धावर जायची पाळी कॉलेजच्या पोरांवर येत होती. साहजिकच पोरं येऊन मिळाली. संघटनेच्या घोषवाक्यातच ज्येष्ठ आणि तरुण दोघेही होते. ‘चला, पिढ्यांमधली दरी मिटवू या’ म्हणून कोणी कार्यक्रम आखला नव्हता. दोघांनाही एकाच गोष्टीचा राग आला होता, एवढं पुरलं.

रागच हवा असं नाही. २०१४ साली ब्राझीलमधल्या एका इंग्रजी शिकवणाऱ्या संस्थेने शिकागोजवळच्या विंडसर पार्क नावाच्या ज्येष्ठांच्या वसाहतीशी संधान बांधलं. मुलांना इंग्रजी बोलायचा सराव हवा होता, तिथल्या निवृत्तांना बोलायला माणूस. व्हिडिओ कॉलवर जोड्या लागल्या. मुलं अडखळत बोलणार, समोरचे आजोबा ‘नाही, हे असं म्हणायचं’ करून दुरुस्त करणार. ज्येष्ठांना सल्ला द्यायची जी खोड असते, तिथे तीच कामाला आली. मला हा उपक्रम आवडतो तो त्यासाठी. तुमच्याकडचे जे काका थांबत नाहीत, त्यांना गप्प करायचा प्रयत्न सोडा. त्यांचं बोलणं कोणाला तरी खरोखर हवं असेल अशी जागा शोधा.

आता ‘काम द्या’ म्हणजे काय द्या, ते सांगते. एकच सुचवते, पण नीट.

तुमच्या वाचनालयाजवळ सिग्नल असलेला रस्ता असेल. पादचाऱ्यांसाठी दिवा हिरवा झाला की किती सेकंदांनी लाल होतो, हे कोणी मोजलंय का? इंग्लंडमध्ये हे सिग्नल माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरून बेतलेले होते. २०१२ साली तिथल्या संशोधकांनी ६५ वर्षांवरच्या लोकांची चाल तपासली. पुरुषांची सरासरी निघाली सेकंदाला ०.९ मीटर, बायकांची ०.८. म्हणजे नियम पाळून निघालेली बाईसुद्धा रस्त्याच्या मध्यावर अडकणार. तुमच्याकडचा आकडा काय असेल ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळणार नाही, आणि उभं राहायला दोघंही लागतील. ज्येष्ठांनी त्यांच्या नेहमीच्या चालीने रस्ता ओलांडायचा, मुलाने वेळ मोजायची. मग फुटपाथ: पायरी किती उंच, बसायला बाक किती अंतरावर, स्वच्छतागृह कुठे, संध्याकाळी दिवा कुठे लागत नाही. आजींना गुडघ्याने माहीत असतं, मुलाला नकाशावर मांडता येतं. त्यातून फोटोंसकट एक अर्ज तयार होईल. तो लिहायला जुन्या सरकारी पत्रव्यवहारात मुरलेला तुमचा एखादा निवृत्त कारकून लागेल, आणि पाठपुरावा करायला ऑनलाइन तक्रारीची सवय असलेली पोरगी. अर्जावर दोघांच्या सह्या. दिव्याची दहा सेकंदं वाढून मिळाली तर पेढे वाटाच. नाही मिळाली तर आणखी चांगलं, पुढचे दोन महिने कामाला विषय मिळाला.

सगळ्यांना चालणं जमणार नाही, हे खरं. मग वाचनालय आहेच की! जुन्या छायाचित्रांतले चेहरे ओळखणं, ती स्कॅन करून नावांसकट लावणं. बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करणं: २००९ साली ॲम्स्टरडॅममध्ये मार्टिन पोस्टमा यांनी ‘रिपेअर कॅफे’ सुरू केला, आता जगभर तसे चालतात, आणि सोल्डरिंग येणारे हात तिथे बहुतेक करून पांढऱ्या केसांचेच असतात. मोबाईल शिकवण्याचा वर्ग मात्र एकटा ठेवू नका. सगळ्यांना तोच सुचतो, पण त्यात देणारा नेहमी मुलगा आणि घेणारे नेहमी आजोबा. ठेवलाच तर एक नियम: फोन आजोबांच्याच हातात राहील. मुलाने बोटाने दाखवायचं, दाबायचं नाही. ‘द्या इकडे, मी करून देतो’ म्हटलं की शिकणं संपलं आणि मानही गेला.

तुमच्या हॉलबद्दल एक विचारते. छत उंच आहे का? आवाज घुमतो का? साठीपुढच्या जगभरच्या लोकांपैकी पाव हिश्शाहून अधिकांना रोजच्या जगण्यात अडथळा येईल इतकं कमी ऐकू येतं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे. कमी ऐकू येणारा माणूस घोळक्यात दोनपैकी एक गोष्ट करतो: गप्प बसतो, किंवा आपणच बोलत राहतो. बोलत राहिलं की ऐकावं लागत नाही, चुकीचं उत्तर देऊन हसं व्हायची भीती नाही. तुमचे न थांबणारे काका सगळेच आत्मप्रौढ नसतील, काहींना नुसतं ऐकू येत नसेल. माईक काढून टाका. चार-चारांची टोळकी करा, दोन ज्येष्ठ, दोन तरुण, छोट्या टेबलाभोवती, एकमेकांचं तोंड उजेडात दिसेल असे. पंखा आणि गाणी बंद. मुलांना सांगा, ओरडू नका, समोर बघून सावकाश बोला. एवढ्यानेही बराच फरक पडतो, आणि यात पैसा लागत नाही.

टोळकी एकदा लावली की मोडू नका. दर आठवड्याला नवा चेहरा म्हणजे दर आठवड्याला पुन्हा ‘बाळ, तू काय शिकतोस?’ पासून सुरुवात. तीच माणसं, तेच टेबल, तेच काम. अमेरिकेत बाल्टिमोरला ‘एक्सपिरियन्स कोअर’ नावाचा उपक्रम झाला. त्यामागच्या डॉक्टर लिंडा फ्रीड वृद्धांवर उपचार करणाऱ्या. आपल्या कितीतरी पेशंटना सकाळी उठायला कारणच उरलेलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्या उपक्रमात ज्येष्ठ मंडळी प्राथमिक शाळेत मुलांना वाचायला मदत करायला जात, आठवड्याला किमान पंधरा तास, शाळेचं पूर्ण वर्ष, एकेका शाळेत अनेक जण मिळून. अधूनमधून येऊन गोष्ट सांगून जाणारे पाहुणे नव्हेत, शाळा त्यांच्यावर विसंबून असायची. तुम्हाला पंधरा तास जमणार नाहीत. पण ‘आज मी गेलो नाही तर काम अडेल’ असं वाटायला आठवड्याचे दोन तासही पुरतात, काम अडणारं असेल तर.

आणि शेवट आधी ठरवा. कायमचा उपक्रम कोणत्याच मुलाला झेपत नाही, परीक्षा येतात, गावं बदलतात. दहा-बारा आठवड्यांचं सत्र करा आणि ते पहिल्या दिवशीच दोन्ही बाजूंना सांगा. मूल न सांगता यायचं थांबलं की वाट बघणाऱ्या आजी स्वतःत खोट शोधतात. ठरलेल्या दिवशी निरोप घेऊन गेलेलं मूल वेगळं. उलटही होईल: एखादे ज्येष्ठ आजारी पडतील, कदाचित जातील. मुलांना हे कोणी सांगत नाही, मग ती एकटीच रडतात. असं झालं तर त्या टोळक्याला फोनवर निरोप देऊ नका, बोलावून घ्या आणि जवळ बसून सांगा.

आता हजेरीचे गुण. घ्या की! यात मला काहीही कमीपणा वाटत नाही. नेदरलँड्समध्ये डेव्हेंटर शहरात ह्युमॅनिटास नावाच्या वृद्धनिवासात सुमारे १६० रहिवाशांबरोबर सहा विद्यार्थी राहायचे, घरभाडं शून्य. बदल्यात महिन्याला ३० तास ‘चांगला शेजारी’ म्हणून द्यायचे. ती मुलं काही सेवाभावाने पेटून आलेली नव्हती, त्यांना खोली हवी होती. म्हणून नंतर झालेली मैत्री खोटी ठरत नाही. माणूस आत कशासाठी आला याने फार बिघडत नाही, आत आल्यावर त्याला काय मिळालं ते बघा. मात्र कॉलेजला तीन गोष्टी स्पष्ट सांगा. मुलं एकदम पन्नास पाठवू नका, टोळक्यांत मावतील एवढीच पाठवा. गुण एका दिवसाच्या सहीला नाही, पूर्ण सत्राला. आणि पहिल्या भेटीनंतर ज्याला नको वाटेल त्याला गुण न कापता सोडा. जबरदस्तीने बसलेला एक मुलगा अख्खं टेबल खराब करतो.

पहिल्या भेटीआधी दोन्ही बाजूंशी स्वतंत्र बोला. हे सगळेच टाळतात, कारण यात फोटो निघत नाही. ज्येष्ठांना सांगा: लग्न, पगार, कपडे आणि केस यांवर प्रश्न नाहीत. मुलांना सांगा: ‘तुमच्या वेळी’ म्हणून वाक्य सुरू करू नका, हे लोक आजही जगतायत. पैशाची देवघेव दोन्हीकडून बंद, उसने दहा रुपयेसुद्धा नकोत. बँकेचे पासवर्ड, ओटीपी कोणी कोणाला सांगायचे नाहीत, मुलगा कितीही गुणी असो. अठराच्या आतली मुलं असतील तर पालकांची लेखी परवानगी घ्या, आणि बंद खोलीत कोणालाच एकटं कोणाबरोबर बसवू नका. हे अविश्वासापोटी नाही. नियम सगळ्यांना सारखा असला की कोणावर संशय घ्यायची वेळच येत नाही. कॅमेऱ्याचाही नियम करा: ज्याचा चेहरा, त्याची परवानगी, आणि तीही टाकण्याआधी दाखवून.

त्या व्हिडिओबद्दल. त्या मुलीला झोडपू नका. तिला ते दृश्य सुंदर वाटलं असेल, आणि तिच्या पिढीत सुंदर वाटलेलं वाटूनच टाकतात. पण तो व्हिडिओ आधी सगळीकडून काढून टाकायला लावा, पुढचं बोलणं नंतर. मग आजोबांकडे तुम्ही एकट्या जा. तिला पहिल्याच दिवशी बरोबर नेऊ नका. रडवेल्या मुलीसमोर म्हातारा माणूस ‘जाऊ दे गं’ म्हणतो आणि त्याचं आतलं तसंच राहतं. त्यांना विचारा की माफी ऐकायची आहे का, कुठे आणि कशी. नाही म्हणाले तर त्या नकाराचा मान ठेवा. हो म्हणाले तर तिने समोर बसून, फोन घरी ठेवून बोलावं. परत या असा आग्रह त्यांना धरू नका. सिग्नलचं काम सुरू झालं की मात्र निरोप पाठवा, अमुक वाजता चौकात मोजणी आहे, अजून एक चालणारा हवाय, म्हणून.

मुलं दोन-तीनच उरली याचं वाईट वाटून घेऊ नका. वर्षभर, काहीही काम नसताना, भाषणं ऐकत जी टिकली, ती पोरं साधी नाहीत. येत्या रविवारी खुर्च्या मांडायच्या आधी त्यांना बाजूला घ्या आणि विचारा, तुम्ही का येता. मग पहिल्या दोन टेबलांवर कोणते ज्येष्ठ बसवायचे, ते त्यांनाच ठरवू द्या.